गोडी साखरेत असते की जिभेत?

चवीविषयी आलेल्या पत्रांना या अंकात एकत्र उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रातील प्रश्न सर्वांत अवघड असल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे. पुढील काही उत्तरांचा पायाही त्याच उत्तरात आहे, म्हणून ते आधी वाचावे.

प्रश्न : ग्राही प्रथिन (म्हणजे विशिष्ट रेणू ओळखणारे पेशीवरचे प्रथिन) आणि त्याला जुळणारा रेणू यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे असते, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु साखर, अस्पार्टेम, सुक्रलोज, सॅकरिन आणि काही वनस्पतींमधील प्रथिने यांच्या रेणूंचा आकार आणि घडण यांत काहीच साम्य नसताना ते सगळे गोड लागतात. एकाच कुलपाला इतक्या निरनिराळ्या किल्ल्या कशा चालतात? की गोडासाठी जिभेवर कुलपेच अनेक आहेत? गुडमारचे पान चावल्यानंतर साखर बेचव का लागते, हेही याच ओघात सांगावे.
— एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : गोडासाठी आपल्या जिभेवर मुख्यतः एकच ग्राही प्रथिन आहे; मात्र रेणू येऊन बसू शकतील अशा जागा त्यावर एकाहून अधिक आहेत. कुलूप-किल्लीचे रूपक नेमके येथे अपुरे पडते. रेणू कोठे बसला यापेक्षा, तो बसल्यामुळे प्रथिनाची ठेवण कशी बदलली, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

हे प्रथिन हाती लागण्यापूर्वी रसायनशास्त्रज्ञांना केवळ गोड पदार्थांच्या रेणूंकडे पाहून तर्क करावा लागत असे. १९६७ मध्ये शॅलनबर्गर आणि ॲक्री यांनी असे मांडले की, गोड लागणाऱ्या प्रत्येक रेणूत हायड्रोजन देऊ शकणारा एक गट आणि हायड्रोजन स्वीकारू शकणारा दुसरा गट परस्परांपासून सुमारे तीन आँगस्ट्रॉम अंतरावर असतो, आणि जिभेवरील तशाच जोडीशी तो दोन हायड्रोजन बंधांनी जोडला जातो. ही कल्पना पुष्कळ पदार्थांना लागू पडली. पण ही अट पूर्ण करूनही गोड न लागणारे रेणू अनेक होते, आणि त्यांचा उलगडा तिच्यातून होत नव्हता. पुढे १९९९ ते २००१ या काळात चार्ल्स झुकर आणि निकोलस रिबा यांच्या गटांनी आणि इतर काही प्रयोगशाळांनी चवीच्या पेशींत कार्यरत असलेली जनुके शोधून काढली, तेव्हा तर्काची जागा प्रत्यक्ष प्रथिनाने घेतली.

गोडाचा ग्राही दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो. त्यांची नावे टी१आर२ आणि टी१आर३ अशी रुक्ष आहेत. प्रत्येक प्रथिन सुमारे साडेआठशे अमिनो आम्लांचे असून त्याचे तीन भाग पडतात. पेशीच्या बाहेर, लाळेत डोकावणारा मोठा भाग दोन पाळ्यांचा असतो आणि त्या पाळ्यांमध्ये एक खोल खाच असते. कीटकभक्षी वनस्पतीच्या पानाप्रमाणे या पाळ्या मिटतात, म्हणून संशोधकांनी या भागाला त्या वनस्पतीचेच, म्हणजे ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ हे नाव दिले आहे. त्याखाली सिस्टीन या अमिनो आम्लाने समृद्ध असा जोडभाग असतो, आणि त्याच्याही खाली पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारा भाग असतो, ज्याची आतली बाजू पेशीद्रवाला भिडलेली असते.

साखरेचा रेणू टी१आर२च्या खाचेत शिरला की तेथील अमिनो आम्लांशी त्याचे हायड्रोजन बंध जुळतात आणि पाळ्या मिटलेल्या स्थितीत स्थिरावतात. अस्पार्टेम आणि सुक्रलोज हेही याच खाचेत बसतात. मानवी गोड-ग्राहीची त्रिमितीय रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा हे दोन्ही रेणू टी१आर२च्या खाचेत बसलेले प्रत्यक्ष दिसले. एकाच खाचेत बसूनही त्यांच्या गोडीत एवढा फरक पडतो, कारण त्यांची पकड वेगवेगळी असते. साखरेच्या रेणूतील तीन हायड्रॉक्सिल गटांच्या जागी क्लोरीनचे अणू घातले की सुक्रलोज तयार होते. तो खाचेला कितीतरी घट्ट धरतो आणि म्हणून साखरेच्या सुमारे ६०० पट गोड लागतो. अस्पार्टेमच्या बाबतीत हा आकडा सुमारे २०० आहे. साखरेची स्वतःची पकड ढिली आहे, हे मला तरी शहाणपणाचे वाटते. अन्नातून ऊर्जा मिळण्याइतकी साखर असेल तेव्हाच जाग येणारा ग्राही शरीराच्या उपयोगाचा. फळातल्या कणभर साखरेने तो पूर्ण चेतवला गेला असता, तर कच्चे फळ आणि पिकलेले फळ यांत भेद करणे अशक्य झाले असते.

आता खाचेबाहेरच्या जागांकडे वळू. सायक्लामेट हा कृत्रिम गोड पदार्थ खाचेत जात नाही. तो टी१आर३च्या पटलातील भागात शिरतो. ब्राझीन हे पश्चिम आफ्रिकेतील एका फळातले प्रथिन खाचेत मावणार नाही एवढे मोठे आहे, आणि त्याच्या गोडीसाठी टी१आर३चा सिस्टीनयुक्त जोडभाग अत्यावश्यक असतो. तिन्ही वाटांनी परिणाम मात्र एकच घडतो : ग्राहीच्या पटलातील भागाची ठेवण बदलते आणि त्याची आतली बाजू पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाला चेतवण्यायोग्य होते. याला दुजोरा देणारा एक सुंदर पुरावा उंदरांकडून मिळाला. उंदरांना अस्पार्टेम गोड लागत नाही. पण त्यांच्यात मानवी टी१आर२चे जनुक घातले, तेव्हा ते अस्पार्टेमचे पाणी आवडीने पिऊ लागले.

पेशीच्या आतली साखळी अशी चालते. चवीच्या पेशींतील जी-प्रथिनाचा एक घटक गस्टड्यूसिन या नावाने १९९२ पासून ज्ञात आहे. ग्राही चेतवला गेला की हे जी-प्रथिन दुभंगते आणि त्याचे सुटे झालेले भाग पीएलसी-बीटा-२ या विकराला कामाला लावतात. ते विकर पटलातील एका मेदरेणूचे तुकडे करते; त्यांपैकी आयपी-३ नावाचा तुकडा आंतर्द्रव्यजालिकेत साठवलेले कॅल्शियम मोकळे करतो. वाढलेल्या कॅल्शियममुळे पेशीपटलातील टीआरपीएम-५ हा आयनमार्ग उघडतो, सोडियम आत येते, पेशीच्या विद्युतदाबात बदल होतो आणि त्या बदलामुळे कॅल्हम-१ व कॅल्हम-३ या प्रथिनांचा मोठा मार्ग उघडून एटीपी बाहेर पडते. पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू म्हणून शाळेपासून परिचित असलेले एटीपी येथे निरोप्याचे काम करते. शेजारच्या चेतातंतूवरील पी२एक्स ग्राहींना ते चेतवते आणि संदेश मेंदूकडे निघतो. गोडाच्या पेशीपाशी चेतासंधीची नेहमीची रचना नसते, त्यामुळे हा निरोप पोहोचतो कसा, हे कोडे बरीच वर्षे अनुत्तरित होते.

एवढे समजल्यावर गुडमारचा उलगडा सोपा आहे. मधुनाशिनी या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या वेलीच्या पानांत जिम्नेमिक आम्ले असतात. ती टी१आर३च्या पटलातील भागाला जाऊन चिकटतात आणि ग्राहीला चेतलेली ठेवण घेऊ देत नाहीत. साखर खाचेत येते, पण तिच्या येण्याचा परिणाम खालपर्यंत पोहोचत नाही, म्हणून जिभेवर केवळ विरघळणारे खडे जाणवतात. मीठ व लिंबू यांच्या चवीला धक्का लागत नाही, कारण त्यांचे मार्ग स्वतंत्र आहेत. साधारण अर्धा ते एक तासात ही आम्ले सुटून जातात आणि गोडी परत येते. आपल्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी याहून स्वस्त प्रयोग सापडणार नाही. मात्र मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी या पानांचे सेवन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

प्रश्न : मग गोडपणा हा साखरेचा गुणधर्म म्हणायचा की आपल्या जिभेचा?
— एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानात शोधण्याची गरज नाही, कारण त्यावर थेट प्रयोग झालेले आहेत. झुकर आणि रिबा यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उंदरांच्या गोडाच्या पेशींत एक परका ग्राही बसवला. हा ग्राही केवळ स्पायराडोलिन या कृत्रिम रेणूला प्रतिसाद देत असे, आणि सामान्य उंदरांना त्या रेणूची काहीही चव लागत नव्हती. बदल केलेले उंदीर मात्र स्पायराडोलिनचे पाणी साखरपाण्यासारखे आवडीने पिऊ लागले. दोन वर्षांनी तोच ग्राही कडवटाच्या पेशींत बसवला, तेव्हा तेच पाणी उंदीर टाळू लागले. पुढे तर कडू पदार्थ ओळखणारा मानवी ग्राही गोडाच्या पेशींत घातल्यावर उंदरांना तो कडू पदार्थही हवाहवासा वाटला.

याचा अर्थ, रेणूवर ‘गोड’ असे काहीही लिहिलेले नसते. कोणती पेशी चेतवली गेली एवढेच मेंदूला कळते, आणि त्या पेशीचे धागे मेंदूत ज्या ठिकाणी पोहोचतात त्यावरून तो चव ठरवतो. साखर गोड लागते ती गोडाच्या पेशींवर तिला ओळखणारा ग्राही आहे म्हणून. मांजराचे उदाहरण पाहा. मांजरांच्या टी१आर२ जनुकातून २४७ घटकांचा एक तुकडा गळून गेलेला असल्याचे २००५ मध्ये आढळले. त्यामुळे ते प्रथिन तयारच होत नाही. मांजर बासुंदीच्या पातेल्यात तोंड घालते ते दुधासाठी. तिच्यातली साखर त्याला कळत नाही.

प्रश्न : टोक गोडाचे, कडा आंबटाच्या, मागचा भाग कडवटाचा, असा जिभेचा नकाशा खरा आहे का?
— एक पालक, पुणे

उत्तर : नाही. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनशीलतेत किंचित फरक नोंदवले होते. १९४२ मध्ये बोरिंग या मानसशास्त्रज्ञाच्या ग्रंथातील आलेखामुळे त्या फरकांना सीमारेषांचे रूप आले. प्रत्यक्षात प्रत्येक रुचिकलिकेत, म्हणजे चवीच्या पेशींच्या गुच्छात, ५० ते १०० पेशी असतात आणि जिभेवर जेथे रुचिकलिका आहेत तेथे सर्व चवी ओळखल्या जातात.

प्रश्न : आमच्या घरी कारल्याची भाजी सर्वांना आवडते, मला मात्र तिचा कडूपणा सोसत नाही. मुलीच्या महाविद्यालयातील प्रदर्शनात पीटीसी नावाचे रसायन लावलेली कागदाची पट्टी जिभेवर ठेवायला दिली होती. ती मला फार कडू लागली आणि माझ्या यजमानांना तिची चवच कळली नाही. कारल्याच्या नावडीचे कारण हेच असावे का? आणि कारल्याला मीठ चोळल्याने कडूपणा खरोखर कमी होतो का?
— एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : पट्टीचा निष्कर्ष खरा आहे, परंतु तो कारल्याला लावणे बरोबर नाही. प्रदर्शनांत अशी सरमिसळ सर्रास केली जाते, म्हणून थोडे तपशिलात सांगतो.

कडवटासाठी माणसात सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत आणि ते टी२आर या कुलातले आहेत. गोडाच्या ग्राहीला असते तसे मोठे दुपाळी डोके त्यांना नसते. ते सुमारे तीनशे अमिनो आम्लांचे आटोपशीर प्रथिन असून कडू रेणू पटलातील सात फेऱ्यांच्या मधल्या पोकळीत शिरतो. काजऱ्याच्या म्हणजे कुचल्याच्या बियांतील स्ट्रिकनीन टी२आर४६च्या अशाच पोकळीत बसलेले २०२२ मध्ये संशोधकांना पाहता आले. यांतील काही ग्राही फारच उदार आहेत : शंभराहून थोड्या अधिक कडू पदार्थांची चाचणी घेतली असता टी२आर१०, टी२आर१४ आणि टी२आर४६ या तिघांनी मिळून त्यांतले जवळपास निम्मे ओळखले. विषारी वनस्पतींचे रसायन अमुकच असेल असा नेम नसल्यामुळे पहारा ढोबळ पण व्यापक ठेवणे येथे हिताचे ठरले असावे. शिवाय कडवटाच्या एकाच पेशीवर अनेक प्रकारचे टी२आर एकत्र असतात. त्यामुळे कडुनिंब, कारले आणि क्विनाइन यांचे ग्राही निराळे असले तरी मेंदूकडे जाणारा निरोप मुख्यतः ‘कडू’ एवढाच असतो.

पीटीसी हा पदार्थ टी२आर३८ हा एकच ग्राही चेतवतो. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून १९३०च्या सुमारास ही भुकटी उडाली. सहकाऱ्याने ती कडू असल्याची तक्रार केली आणि फॉक्स यांना मात्र काहीच जाणवले नाही, येथून या गोष्टीचा आरंभ झाला. याचे जनुक २००३ मध्ये निश्चित झाले. ग्राहीच्या ४९, २६२ आणि २९६ या स्थानांवर अनुक्रमे प्रोलिन, ॲलनिन आणि व्हॅलिन असतील तर पीटीसी कडू लागते. त्यांच्या जागी ॲलनिन, व्हॅलिन आणि आयसोल्यूसिन असतील आणि आईवडील दोघांकडूनही हेच रूप आले असेल, तर सहसा लागत नाही. आपल्या यजमानांच्या बाबतीत हे दुसरे रूप असण्याची शक्यता बरीच आहे.

परंतु टी२आर३८ला हवा असतो तो नायट्रोजन, कार्बन आणि गंधक यांचा विशिष्ट गट. कोबी, मोहरी, मुळा यांच्या कुलातील संयुगांत तसा गट आढळतो. कारल्याचा कडूपणा ट्रायटरपीन वर्गातील संयुगांचा आहे आणि त्यांत हा गट नसतो. कारल्याचा हिशेब इतर ग्राहींकडे लागतो, आणि आवडीनिवडीत लहानपणापासूनच्या सवयीचाही मोठा वाटा असतो. कोबीची भाजी आपल्याला कडवट लागते का, हे पाहिल्यास पट्टीशी त्याचा संबंध अधिक जुळेल.

मिठाचा उपाय मात्र दुहेरी खरा आहे. मीठ चोळल्याने फोडींतील रस बाहेर येतो आणि तो पिळून टाकला की कडू संयुगांचा काही भाग त्याबरोबर जातो. त्याशिवाय भाजीत उरलेले सोडियम जिभेवर अनेक पदार्थांचा कडूपणा दडपते. गुळाचे काम वेगळ्या पातळीवर चालते, कारण गोडाने कडवटावर मात करण्याची क्रिया बऱ्याच अंशी मेंदूत घडते.

प्रश्न : खारट व आंबट चवींनाही असेच ग्राही असतात का? समान आम्लतेचे दोन द्रव असले तरी एक अधिक आंबट का लागतो?
— रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी, पणजी

उत्तर : या दोन चवींत मोठा रेणू ओळखण्याचा प्रश्नच नसतो, सोडियम आणि हायड्रोजन यांचे आयन स्वतःच पेशीत शिरतात. उंदरांमध्ये मिठाची सुखद चव ईनॅक या सोडियमच्या मार्गातून येते हे २०१० मध्ये सिद्ध झाले. मीठ फार झाले की उंदरांत आंबट व कडू चवींच्या पेशीही चेतवल्या जातात, आणि म्हणून ते खारट पाण्याकडे पाठ फिरवतात.

आंबटासाठी ओटीओपी-१ हे प्रथिन आहे. एमिली लिमन यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले की ते हायड्रोजनचे आयन पेशीत सोडणारा मार्ग आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याला पूरक आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पूर्ण विघटित होते आणि त्याचे आयन केवळ अशा मार्गांनीच आत जाऊ शकतात. ताकातील लॅक्टिक आम्ल किंवा व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल यांचे बरेच रेणू अविघटित राहतात. ते पेशीपटल थेट ओलांडतात आणि आत गेल्यावर हायड्रोजन सोडतात. पेशीच्या आतील आम्लता वाढली की तेथील पोटॅशियमचे मार्ग बंद होतात आणि पेशी अधिक चेतवली जाते. म्हणून पीएच सारखाच असला तरी सौम्य सेंद्रिय आम्ल जिभेला जास्त आंबट लागते.

प्रश्न : फ्रिजमधून काढलेले श्रीखंड जरा वेळाने अधिक गोड का लागते?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिल्या उत्तरात आलेला टीआरपीएम-५ हा आयनमार्ग तापमानाला संवेदनशील आहे. सुमारे १५ अंशांपासून ३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान वाढत गेले की तो अधिक उघडतो, त्यामुळे साखर तेवढीच असूनही गोडाचा संदेश तीव्र होतो. वितळलेले आइस्क्रीम अतिगोड वाटते, तेही याच कारणाने.

प्रश्न : तिखट ही चव नाही असे विज्ञान म्हणते, आयुर्वेदाच्या षड्रसांत तर ते आहे. आणि आमच्या बागेतला पोपट हिरव्या मिरच्या खुशाल कसा खातो?
— एक शेतकरी वाचक, जळगाव

उत्तर : षड्रस ही खाणाऱ्याच्या अनुभवाची वर्गवारी आहे आणि जेवताना तिखट व तुरट हे अनुभव निःसंशय येतात, त्यामुळे दोन्ही विधानांत भांडण लावण्याचे कारण नाही. फरक वाटेचा आहे. तुरटपणा टॅनिनमुळे लाळेतील प्रथिने साकळल्याने येतो. मिरचीतील कॅप्सेसिन रुचिकलिकांऐवजी वेदना वाहणाऱ्या चेतातंतूंवरील टीआरपीव्ही-१ हा आयनमार्ग उघडते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो १९९७ मध्ये शोधला आणि त्या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हाच मार्ग सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेनेही उघडतो. म्हणून मिरचीने तोंड भाजल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच ती डोळ्यांना आणि हातालाही झोंबते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे वर पाणी पिऊन विशेष उपयोग होत नाही. दुधातील केसीन त्याला धरून ठेवते, म्हणून दुधाने उतार पडतो.

पोपटाला सवय झाली आहे असे नाही. पक्ष्यांच्या टीआरपीव्ही-१ प्रथिनात कॅप्सेसिन ज्या भागाला धरते तेथील अमिनो आम्ले वेगळी आहेत. उष्णतेने हा मार्ग त्यांच्यातही उघडतो, कॅप्सेसिनने मात्र उघडत नाही, त्यामुळे कोणतीही मिरची त्याला तिखट लागत नाही.